गैरहजर प्राण्याचा फोटो

प्राण्याचा फोटो बिघडला तर सांगता येतं, पळाला हो! त्याच्या पावलाचा ठसा पळत नाही. चिखलात निवांत पडून राहतो आणि तरीही फोटोत येत नाही. सबब सांगायलाही जागा ठेवत नाही, म्हणून ठशांचे फोटो काढण्याला मी छंद न म्हणता शिक्षा म्हणतो.

पहिला वैरी म्हणजे भर दुपारचा सूर्य. उजेड डोक्यावरून पडला की ठशाच्या कडांना सावलीच उरत नाही. समोर स्वच्छ दिसणारा बिबट्याचा पंजा फोटोत नुसता चिखल होतो. सकाळ-संध्याकाळचं कललेलं ऊन हवं. ते नसेल तर ठशावर स्वतःची सावली पाडायची आणि एका बाजूने, जमिनीला जेमतेम पंधरा-वीस अंशांवर टॉर्च धरायचा. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात कॅमेरा, सावलीसाठी पोट. सुटलेल्या पोटाचा एवढा सदुपयोग मला दुसरीकडे कुठे आढळलेला नाही.

एवढं करून घरी येऊन बघावं, तर ठसा खोल दिसण्याऐवजी फुगलेला! चार बोटं आणि तळव्याची एक गादी, जमिनीवर पाच फोड उठल्यासारखी. दोष मेंदूचा. उजेड वरूनच येणार हे तो धरून चालतो; फोटोत तो खालच्या बाजूने आला की खड्ड्याचा उंचवटा करून मोकळा होतो. असा फोटो सरळ उलटा फिरवावा, खड्डा जागेवर येतो. त्याहून बरं म्हणजे आधीच सूर्याकडे तोंड करून उभं राहावं. उजेड फोटोच्या वरच्या बाजूने येतो आणि आपली सावली मागे पडते. डोळे दिपतात, पण या कामात डोळ्यांचे लाड कोण करतो?

मग येते मोजपट्टी. काही मंडळी ठशाशेजारी नाणं ठेवतात. नाण्याचा व्यास पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पट्टीच ठेवा, शक्यतो दोन, काटकोनात. लांबी आणि रुंदी दोन्ही मिळतात. पण ती ठशाच्या तळाच्या पातळीत हवी. ठसा चार सेंटिमीटर खोल, पट्टी वर काठावर आणि कॅमेरा तिच्यापासून चाळीस सेंटिमीटरवर असेल, तर तळ सुमारे नऊ टक्के लहान मोजला जातो. मीटरभर मागे सरून झूम केलं तर चूक चार टक्क्यांच्या आत येते. मोबाइलच्या वाइड लेन्सने अगदी जवळून काढू नका म्हणतात ते यासाठीही. कॅमेरा जमिनीला समांतर धरायचा हेही आलंच. कमरेत वाकलेल्या माणसाचा कॅमेरा तिरकाच होतो आणि ठसा बेढब. म्हणून उकिडवं बसायचं. बसण्याआधी मात्र खाली बघायचं, कारण पुढचा ठसा हमखास आपल्याच बुटाखाली असतो.

आता ओळख पटवा. नखं उमटली की कुत्र्याच्या कुळातला, नाही उमटली की मांजरकुळातला, हा नियम ऐकायला छान आहे. निसरड्या चिखलात मांजरंही नखं काढतात आणि चित्त्याची तर एरवीही उमटतात. म्हणून गादीची मागची कड फोटोत आलीच पाहिजे: मांजरकुळात तिथे तीन गोलसर कंगोरे दिसतात. शिवाय ओल्या मातीत पाय पसरतो, ठसा मोठा भासतो. मोजमाप तळाचं घ्या, वरच्या काठाचं नाही. नाहीतर चिखल बघून घरी परतलेल्या प्रत्येकाच्या बिबट्याचा वाघ झालेला असतो.

विष्ठेबद्दल थोडक्यात. तिच्यातले केस, हाडांचे तुकडे, खवले स्पष्ट यावेत म्हणून लेन्स जवळ न्या, नाक नको. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत माणसाला बाधणाऱ्या कृमींची अंडी असू शकतात. हातमोजे घाला, काडी वापरा आणि वाळलेली विष्ठा फोडून धूळ उडवू नका. तिथली पट्टी वेगळी ठेवा. ती मुलांच्या कंपासपेटीत गेली तर पुढचा फोटो घरच्यांच्या चेहऱ्याचा काढावा लागेल.

पानं-काटक्या बाजूला करायच्या असतील तर एक फोटो त्याआधीच काढून ठेवा. शेवटी किमान तीन फोटो हवेत: एका ठशाचा जवळून, चालीचा अंदाज येईल असा सलग चार-पाच ठशांचा आणि एक परिसराचा. घरच्यांना दाखवताना परिसराचाच आधी दाखवा. निदान त्यात झाड तरी असतं.