दहापैकी चार

भाचीच्या प्रोजेक्टवर लाल शाईत शेरा आलाय: 'यात कविता कुठे आहे?' खाली १० पैकी ४. प्रोजेक्ट तिचा, रसग्रहण माझं. कालपासून ती मला 'मामा' न म्हणता नुसतं 'ओ' म्हणतेय.

विषय 'मेघदूत'. हद्दपार यक्ष आणि त्याची घरची आठवण. मंदाक्रांता वृत्त, ओळीत १७ अक्षरं, ४-६-७ अक्षरांनंतर यती म्हणजे थांबा, असं सगळं ओतून मी सोलापूरच्या नव्या पेठेत प्रिंट काढायला गेलो आणि लाइट गेली.

शेजारच्या स्टुलावर साखर पेठेतले एक अण्णा आधार कार्ड धरून बसले होते. सरकारी हापिसातून रिटायर.

"काय लिहूलालाव?"

सांगितलं. कामात हयगय केली म्हणून कुबेरानं एका यक्षाला वर्षभर आपल्या अलकानगरीबाहेर काढलं. तो रामगिरीवर बसून झुरतो, हातातलं कडं गळून पडतं, आणि ढगाबरोबर बायकोला निरोप धाडतो.

"म्हंजे बदली. का सस्पेंड? पगार चालू होता?"

कालिदासानं पगाराचं काही लिहिलेलं नाही.

"हातातलं कडं गळून पडलं म्हणलाव ना आत्ता? मग बंदच. पगार चालू असल्यावर माणूस एवढा वाळतो होय? शाप सुटतो कधी?"

"कार्तिकी एकादशीला."

"मेला! त्या दिवशी सगळ्या गाड्या पंढरपूरला. ह्यो अलकेला जाणार कसा?"

पुढे मी चुकून बोललो, की वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी बघून जा, असं यक्ष ढगाला सांगतो. अण्णा खूश. "निरोप अर्जंट आणि रस्ता लांबचा! टीए बिल लावायचा बेत दिसतो गड्याचा."

ढगांचं म्हणाल तर आषाढात आमच्यावरूनही जातात. पण सोलापूर पर्जन्यछायेत, त्यामुळे निरोप नेहमी पुढच्या गावाचा. गल्लीतली पोरंही तशीच पुढं गेली. हल्लीचा कुबेर हिंजवडीत बसतो. आमचे चिरंजीव गड्ड्याच्या जत्रेला येतात, शेंगाचटणी भरून घेतात आणि 'इथं किती धूळ आहे' म्हणून परत जातात. शाप नक्की कुणाला आहे?

लाइट येईना. मग यक्षाच्या घराची खूणही सांगितली: दारात मंदाराचं रोप, पाचूच्या पायऱ्यांची विहीर. मी तिला 'वैभवाचं प्रतीक' म्हटलं होतं.

अण्णा जरा थांबले. "आमच्या विहिरीला एकोणीस होत्या. दगडाच्या."

"कुठली विहीर?"

"तेलंगणातली, आमच्या गावची. आजोबा मागावर बसून मोजायचा. वरून तिसरी फुटकी."

"तुम्ही बघितलाय का गाव?"

"नाही की ओ. आमचा जन्म हितलाच."

तेवढ्यात पंखा फिरला, मशीन घुरघुरलं. मी बारा पानं छापून घेतली, पानाला दोन रुपये. 'वैभवाचं प्रतीक' तसंच राहिलं.

आज सकाळी दुधाच्या केंद्रावर अण्णा भेटले. मार्क सांगितले.

"चार? पगाराचं लिहिलाव का?"

"नाही."

"मग चारच पडणार की ओ."