भजनी मंडळ आणि भजी

गेल्या आषाढी एकादशीला दुपारी चारच्या सुमारास मी सदाशिव पेठेतून पायी चाललो होतो आणि सकाळच्या वाटीभर साबुदाण्याच्या खिचडीखेरीज पोटात काहीही नव्हते. एका देवळाच्या कमानीवर मला अगदी स्पष्ट ‘भजी मंडळ’ अशी अक्षरे दिसली. दोन पावले पुढे गेल्यावर तो ‘भजनी मंडळ’ असा फलक निघाला. एरवी त्या फलकाकडे मी वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहिले नव्हते, हे विशेष.

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण कोंडा गोड लागण्याविषयी बोलते. पण तो गोड लागण्याआधी दिसावाही लागतो. फ्रान्समधील संशोधकांच्या २०१२ सालच्या एका प्रयोगात, सेकंदाच्या सुमारे तिसाव्या हिश्शापुरते पडद्यावर झळकलेले खाद्यपदार्थांचे शब्द जेवलेल्यांपेक्षा उपाशी असलेल्यांना अधिक सहज ओळखता आले. यावर आक्षेपही आहेत. येल विद्यापीठातील फायरस्टोन आणि शोल यांनी २०१६ साली असे मांडले, की अशा बहुतेक प्रयोगांत प्रत्यक्ष दिसणे बदलत नाही, बदलते ते लक्ष, आठवण किंवा अनुमान. हा आक्षेप शास्त्र म्हणून मला पटतो. तरीही ज्या वस्तूकडे लक्षच गेले नाही, ती डोळ्यांसमोर असून नसल्यासारखीच, हे काही त्यामुळे खोटे ठरत नाही.

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते पाककृतींची पुस्तके तासन्‌तास वाचू लागले. मला अधिक अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच आहे: स्वतःची हाडे दिसू लागली असतानाही त्यांच्यातल्या काहींना आपण रोडावलो आहोत असे वाटेना, उलट बाहेरची धडधाकट माणसेच फाजील लठ्ठ वाटू लागली.

आपण उपाशी माणसाच्या नजरेला भ्रम म्हणतो आणि तृप्त माणसाच्या नजरेला वस्तुस्थिती. ही वाटणी मला मान्य नाही, कारण तृप्त नजरेतूनही पुष्कळ काही निसटते. पुण्याहून कोल्हापूरला आम्ही उभयता कित्येक वर्षे मोटारीने जात आहोत. मला त्या रस्त्यावरचा खंबाटकी घाट, उसाचे फड आणि चांगला चहा मिळणारी दोन ठिकाणे ठाऊक आहेत. कोणत्या पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे, कुठे त्याला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे मागावी लागते, कुठे आतून कडी लागत नाही, हे सारे पत्नीला पाठ आहे. मागच्या खेपेला साताऱ्याच्या पुढे मी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली, तेव्हा तिने मान हलवून ती परत केली आणि पुढचा पंप अजून किती दूर आहे, ते मला सांगितले.