कृष्णेला हंस नकोत, वल्हं पाहिजे

"आत्या, इथं हंस नाहीत?"

घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून पुण्याहून आलेल्या भाच्यानं हे विचारलं, तेव्हा मला आधी काही बोधच होईना. मग कळलं. त्याच्या लेखी बोटिंग म्हणजे बागेतल्या तळ्यात पायडल मारत फिरायची ती फायबरची पांढऱ्या मानेची बोट. इथं त्याच्यापुढं होती डांबर फासलेली लाकडी होडी, आत गुडघ्यावर टॉवेल टाकून बसलेले नावाडी मामा आणि पायाशी बिस्लेरीची अर्धी कापलेली बाटली, आत येणारं पाणी उपसायला. पोराचं तोंड उतरलं. पंधरा मिनिटांनी उतरायला तयार नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं लिहायचं कारण असं की आपल्या सांगलीत दर थोड्या महिन्यांनी कुणाला तरी नदीवर बोटिंग सुरू करायचा उमाळा येतो. ग्रुपवर फोटो फिरतात, आणि फोटोत कायम तेच हंस. माझं म्हणणं ऐका. बोटिंग जरूर सुरू करा, उद्या करा. पण ते तळ्याचं सामान आणून नदीत सोडू नका, आणि ज्याला नदी माहीत नाही त्याला ठेका देऊ नका.

नदी म्हणजे तळं नव्हे. वरून बघताना उन्हाळ्यात ती तळ्यासारखीच दिसते, कारण बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात आणि पाणी तुंबून उभं असतं. पण बरगे काढले, किंवा वरून कोयनेतून पाणी सोडलं, की तेच पाणी चालायला लागतं. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर खालच्या बाजूला ते गोल फिरतं आणि माणसाला आत ओढून तिथंच घोळवत ठेवतं. पट्टीचे पोहणारेसुद्धा तिथं जात नाहीत. पायडल मारून मारून दमलेलं एखादं कुटुंब तिकडं वाहत गेलं तर हंसाच्या मानेला धरून काय होणार?

दुसरी गोष्ट वळवाची. आपण नदीवर हौसेनं जाणार कधी? एप्रिल-मेच्या संध्याकाळी. वळीव येतो तोही तेव्हाच. २१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव-कळाशीच्या दरम्यान असाच संध्याकाळचा वारा सुटला, होडी उलटली आणि सहा जण गेले. भीमेच्या त्या पाण्यावर रोज ये-जा करणाऱ्या माणसांची ही गत, तर आपण सुट्टीतले हौशी कुठं लागलो? पश्चिमेला आभाळ काळवंडलं की गिऱ्हाईक घाटावर कितीही खोळंबलेलं असो, होडी सुटायची नाही, एवढा एकच नियम धड पाळला तरी पुष्कळ.

आणि मगरी. हो, आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात त्या आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. थंडीत उन्हाला काठावर पडलेल्या असतात, उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालतात आणि तेव्हा त्या चिडक्या असतात. म्हणून नदी बंद करा असं मी म्हणणार नाही. ती आधी त्यांची आहे. पण पाण्यात हात बुडवून रील काढणाऱ्यांना आवरायला होडीत कुणीतरी जाणता लागतो, आणि तो पायडल बोटीत नसतो.

आमचे मामा जाणते होते. "ताई, पोराला मधी घ्या, कडंला नको. आणि उभं राहायचं न्हाई." दोन वाक्यांत सगळं सांगून झालं. लाइफ जॅकेट मात्र... एकाचं बक्कल तुटलेलं होतं, तिथं नाडा बांधला होता. पोराच्या मापाचं नव्हतंच. मोठ्याचं घातलं तर हनुवटीवर येऊन बसलं, पाण्यात पडला असता तर डोक्यावरून निघूनच गेलं असतं. मी तरीही बसले, ही माझी चूक, कबूल करते. माझ्याआधीच्या फेरीत तर कुणी घातलंच नव्हतं, सगळी जॅकेटं गठ्ठ्यानं पुढच्या फळीवर पडून होती.

आपण तरी हे विसरायला नको होतं. ८ ऑगस्ट २०१९, ब्रह्मनाळ. पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी, त्यात पेलवतील त्याहून जास्त माणसं, आणि घर सोडून जीव वाचवायला निघालेले कितीतरी जण पाण्यात गेले. ती काही हौसेची फेरी नव्हती, त्यांच्यापुढं पर्याय नव्हता. आपल्यापुढं तर सगळे पर्याय आहेत.

तर होडी आयर्विन पुलाखाली आली. १९२९ चा पूल, वरून रोज जातो, खालून मी पहिल्यांदा बघितला. एरवी आपण त्याच्याकडं फक्त पुराच्या पाण्याचे आकडे वाचायला बघतो. ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी होतं, आणि मोबाइलला रेंज येईल तिथं आम्ही "आता किती?" एवढंच विचारत होतो. त्याच पुलाच्या कमानीखाली वल्हं थांबवून मामा म्हणाले, "बाळा, आवाज दे." पोरानं "ओ" केलं. कमानीनं "ओ" परत दिला. मग ते दोघं बराच वेळ तेच करत बसले. दगडाच्या सांध्यात पुरानं अडकवलेली कुणाची तरी साडीची चिंधी होती, रंग गेलेली. ती मीच तेवढी बघितली.

शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरी नाल्याच्या बाजूला वास आला. पोरानं नाक धरलं. मामा काही बोलले नाहीत, फक्त चार हात जोरात मारले. पण तेवढ्यात बघायचं ते बघून झालं होतं. नदीचं हिरवट पाणी, नाल्याचं काळं पाणी आणि मधली रेघ. नाल्याबद्दल वाचून वाचून माझे केस पांढरे झाले, पण ती रेघ मला रस्त्यावरून कधी दिसली नव्हती. म्हणून म्हणते, बोटिंग पाहिजे. नगरसेवकांना पहिल्या फेरीत बसवा, फुकट, आणि होडी तिथं जरा वेळ थांबवा.

आता चालवायचं कुणी? अहो, माणसं इथंच आहेत. पावसाळ्यात नदी भरली की होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा पूल आणि दोन्ही घाट माणसांनी फुललेले असतात ना? सांगलवाडीची, डिग्रजची पोरं लांबट होड्यांत एका तालात वल्ही मारतात, धार कुठं आहे आणि कुठून काटायची हे त्यांना सांगावं लागत नाही. वर्षातून एकदा त्यांच्यासाठी शिट्ट्या मारायच्या आणि उरलेले अकरा महिने त्यांनी कामाला एमआयडीसीत जायचं. यांना घ्या. परवाना द्या, पोराच्या मापासकट धड जॅकेटं द्या, होडीवर किती माणसं ते रंगानं लिहा. इंजिन लावणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं नोंदणी, तपासणी, विमा सगळं लागतं, ते करा. पण मला विचाराल तर इंजिन नकोच. भटभट आवाजात कमान "ओ" देत नाही.

घाटापासून हरिपूरच्या संगमापर्यंत वल्ह्याची फेरी, वाटेत काठची झाडं, शेवटी वारणा येऊन मिळते ती जागा आणि संगमेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी आपण तिथं धुळीतून, गर्दीतून जातो. एकदा पाण्यातून जाऊन बघायला काय हरकत आहे? श्रावणात नको अर्थात, तेव्हा नदी कुणाचं ऐकत नाही. दिवाळीनंतर.

उतरताना दोघांचे शंभर झाले. भाच्यानं मामांना विचारलं, उद्या वल्हं मला मारू द्याल का. मामांनी त्याचा दंड चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "आधी भाकरी खा. मग ये."

परवा रात्री पुण्याहून फोन आला. पोरगं भाकरी मागतंय म्हणे, वहिनी वैतागली आहे.