उंदराची चरबी उतरली, म्हणून मावशीची उतरेल?

"आपल्या कोकमात एचसीए नावाचं द्रव्य आहे. परदेशी शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केलंय की ते पोटाची चरबी महिन्याभरात जाळतं. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. पथ्य नको, व्यायाम नको. औषध कंपन्यांनी ही माहिती पन्नास वर्षं दाबून ठेवली." खाली कॅप्सूलच्या बाटलीचा फोटो आणि 'सर्व ग्रुपवर पाठवा'.

हा मेसेज शब्द बदलून बदलून पुन्हा पुन्हा येतो. एरवी मी तो न वाचताच पुढे जाते. या वेळी तो माझ्या मावशीने कुडाळहून पाठवला आणि खाली विचारलं, "तू उंदरांवरच काम करतेस ना गं? मग मी दिवसाला किती घेऊ?" मावशीला मधुमेह आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, आणि बाटली घरात येऊन पडली आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दाबून ठेवल्याचा आरोप आधी निकालात काढू, तो सगळ्यात पोकळ आहे. एचसीए, म्हणजे हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड, १९६५ साली म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी संस्थेतल्या लुईस आणि नीलकांतन यांनी ओळखलं आणि उघडपणे छापलं. सत्तरच्या दशकात त्यावर उंदरांचे प्रयोग कोणी केले? हॉफमन-ला रोश या औषध कंपनीनेच, आणि तेही छापून आलेत. नव्वदच्या दशकापासून अमेरिकेत याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. मग दाबलं ते काय?

शिवाय या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा कोकम नसतंच. असतो गार्सिनिया कॅम्बोजियाचा अर्क, म्हणजे केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. कोकमाच्याच कुळातली. एचसीए दोन्हींत आहे, इतपत मेसेज खरा आहे. बाटलीवर चित्र मात्र आपल्या लालभडक रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं लावलेलं, कारण ते बघून मावशीला आपल्या अंगणातली वस्तू वाटते.

आता मुख्य दावा: उंदरांवर सिद्ध झालंय.

झालंय, पण काय झालंय ते नीट बघा. आपल्या पेशीत साखरेपासून चरबी तयार होताना एक एन्झाइम लागतं, एटीपी सिट्रेट लायेज. एचसीए ते अडवतं. रोशच्या प्रयोगांत उंदरांना दिवसातून एकदाच, ठरलेल्या काही तासांत, ग्लुकोजने भरलेलं खाणं दिलं जायचं. अशा उंदराचं लिव्हर साखरेची चरबी करण्याचं काम जोरात करतं, त्यामुळे ते काम अडवलं की फरक ठळक दिसतो. माणसाचं तसं नाही. रोजचं साधं जेवण जेवणाऱ्या माणसाच्या अंगावरची बहुतेक चरबी तेल-तुपातून, दूध-मांसातून आयती आलेली असते. लिव्हरने साखरेपासून बनवलेली चरबी त्या मानाने थोडी. जो रस्ता उंदरात गजबजलेला आहे तो आपल्यात जवळपास रिकामा आहे, तिथे नाकाबंदी करून किती गाड्या अडणार?

दुसरी गोष्ट ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. उंदराला अर्क पुष्कळदा पाजतात तो गॅव्हाजच्या सुईने, टोकाला गोल मणी असलेली वाकडी सुई थेट अन्ननलिकेत घालून. आंबट, कडवट, दाट अर्क पोटात गेला की पुष्कळदा उंदीर खाणंच कमी करतो. म्हणून रोज सकाळी पिंजऱ्यातल्या उरलेल्या पेलेटचं, म्हणजे उंदरांच्या कोरड्या खाण्याचं, वजन करायचं, भुशात सांडलेला चुरासुद्धा वेचून तराजूवर घ्यायचा, आणि उंदराने नक्की किती खाल्लं ते काढायचं. मग दुसऱ्या एका गटाला अर्क न देता तेवढंच खाणं द्यायचं. तोही गट तितकाच बारीक झाला, तर अर्काने चरबी जाळली नाही, फक्त भूक मारली. अनेक शोधनिबंधांत हा जोडीचा गट नसतोच. मेसेज बनवणाऱ्याने तो शोधला असेल, ही अपेक्षाच नाही.

आणि आता तो प्रयोग, जो मेसेजमध्ये कधीच येत नाही. २००५ साली जपानी संशोधकांनी झुकर जातीच्या, जन्मतः लठ्ठ होणाऱ्या नर उंदरांना गार्सिनियाचे वेगवेगळे डोस दिले. चरबी खरंच घटली, पण फक्त सगळ्यात मोठ्या डोसला: शरीराच्या दर किलोमागे रोज १,२४४ मिलिग्रॅम एचसीए. त्याच्या खालच्या, ७७८ मिलिग्रॅमच्या डोसला चरबीत ठोस फरक नव्हता, पण वृषणं आक्रसलेली होती. म्हणजे फायदा दिसायच्या आधीच अपाय सुरू. उंदराचा डोस माणसाला लावताना ढोबळमानाने ६.२ ने भागतात. १,२४४ ला भागलं की साधारण २०० मिलिग्रॅम, आणि साठ किलोच्या बाईला रोज १२ ग्रॅम एचसीए. माणसांवरच्या ज्या चाचणीबद्दल पुढे सांगते, तीत दिला होता दीड ग्रॅम. तेव्हा 'उंदरांवर सिद्ध झालंय' म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या डोसला आणि त्या उंदराचं पुढे काय झालं?

माणसांवरची ही चाचणी झाली आहे, आणि वादाचा निकाल तिथेच लागतो. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ जाड माणसं घेतली. अर्ध्यांना रोज १,५०० मिलिग्रॅम एचसीए, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय ते ना रुग्णांना ठाऊक, ना डॉक्टरांना. आहार दोघांचा सारखाच, कमी उष्मांकांचा. १२ आठवड्यांनी एचसीएवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं. खोट्या गोळ्यावाल्यांचं ४.१ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला, पण एचसीएच्या बाजूने काहीही दिसलं नाही. जे उतरलं ते आहाराने. हे १९९८ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, आणि मेसेज आजही 'पथ्य नको' म्हणून सांगतोय.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मन मारून. २०११ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी अशा अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा गार्सिनियाच्या बाजूने सरासरी ०.८८ किलोचा फरक निघाला. काटेकोरपणे केलेल्या चाचण्याच ठेवल्या तेव्हा तोही टिकला नाही. किलोभर वजन तर दिवसभरात पाणी पिण्याने वर-खाली होतं.

आयुर्वेदाचं नावही काही मेसेजांत जोडलेलं असतं. वृक्षाम्ल म्हणून कोकम आयुर्वेदात आहेच, पण पचनासाठी, अन्नातलं फळ म्हणून. त्यातलं एकच आम्ल गाळून क्षार करून कॅप्सूलमध्ये भरणं ही त्या परंपरेतली गोष्ट नाही.

'साइड इफेक्ट शून्य' या तीन शब्दांचा मात्र मला मनापासून राग आहे. मे २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, हायड्रॉक्सीकट नावाच्या वजन उतरवण्याच्या गोळ्या ताबडतोब थांबवायला सांगितल्या. कावीळ ते लिव्हर प्रत्यारोपण अशा २३ तक्रारी आल्या होत्या, एक माणूस गेला होता. त्यातल्या काही गोळ्यांत गार्सिनिया होतं. 'ते मिश्रण होतं' असं कोणी म्हणेल, आणि तेव्हा ते खरंही होतं. पण २०२२ मध्ये लिव्हरचे तज्ज्ञ गार्सिनिया घेतलेल्या २२ रुग्णांची नोंद घेऊन पुढे आले, आणि त्यातल्या काहींच्या गोळीत दुसरं संशयित द्रव्य नव्हतं. असं क्वचित होतं, सगळ्यांना होत नाही. पण कोणाला होईल हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि फॅटी लिव्हर असलेल्या बाईने हा डाव खेळावा कशासाठी?

मावशी, सोलकढी पी, आमटीत आमसूल घाल, त्यात काही बिघडत नाही. बाजारातलं गोड अमृत कोकम तेवढं बंद कर, त्यात साखर आहे. कॅप्सूल घेतल्या असशील तर आजच थांबव. बाटली टाकून देऊ नकोस. ती डॉक्टरांना दाखव आणि लिव्हरची रक्ततपासणी करून घे. लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, खाज सुटली किंवा जेवण नकोसं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. आणि मधुमेहाची गोळी या बाटलीच्या भरवशावर चुकवू नकोस.