लाल फितीतले तण

घरापुढच्या चार हात जागेत विदेशी शोभेची झाडे न लावता फक्त आपल्या मातीतली रानफुले आणि झुडपे लावायची, असा संकल्प मी केला, तेव्हा त्यात कष्ट नाहीत हेच त्याचे मुख्य आकर्षण होते. रानात यांना कोण पाणी घालते, कोण खत देते, असा माझा बिनतोड सवाल होता. ज्या अर्थी तिथे कोणी काहीच करत नाही, त्या अर्थी मीही काही न करता माझी बाग फुलेल, आणि वर पर्यावरणाचे पुण्य पदरात पडेल. आळशी माणसाला इतका भक्कम तात्त्विक आधार फार क्वचित मिळतो.

पहिला धक्का रोपवाटिकेत बसला. तिथे मी तरवडाचे रोप मागितले, तेव्हा सराफाच्या दुकानात जाऊन नदीतले गोटे मागावेत तशा नजरेने माझ्याकडे पाहिले गेले. अखेर रस्त्याकडेच्या झुडपांवरच्या वाळलेल्या शेंगा ओंजळभर तोडून आणल्या आणि बी पेरले. एक महिना गेला, मातीने हूं की चूं केले नाही. पुढे कळले की तरवडाच्या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही. ऊन, पाऊस आणि काळ मिळून ते हळूहळू झिजवतात, पण त्यांना आपल्यासारखी घाई नसते. माणसाला घाई असेल तर त्याने बी पॉलिशपेपरवर घासावे आणि रात्रभर पाण्यात भिजत घालावे. मी एका दुपारी चिमटीत एकेक बी धरून घासायला बसले. बी गुळगुळीत असल्यामुळे दर तिसऱ्या घासेला निसटून कपाटाखाली जात होते, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या अंगठ्याच्या नखाला मात्र झकास पॉलिश झाले होते. ४० बियांतून ३ रोपे आली. त्यांतले एक तरवडाचे नव्हते.

मग सोनकीच्या वाफ्यावर मी माझे सारे वात्सल्य ओतले, म्हणजे शेणखत घातले. ही चूक मी कोणालाही करू देणार नाही. सह्याद्रीतल्या ज्या कातळसड्यांवर पावसाळ्यात फुलांचे गालिचे पसरतात, तिथे मातीचा थर जेमतेम वीतभर, कुठेकुठे तर बोटभरच असतो आणि त्यात कसही नसतो. तिथली ‘सीतेची आसवे’ ही निळीजांभळी नाजूक फुले येणारी वनस्पती तर मातीत पोषण मिळत नाही म्हणून सूक्ष्म जीव पकडून खाते. अशा काटकसरीत वाढणाऱ्यांना मी एकदम पंगतीला बसवले होते. शेणखताचा फडशा पाडला तो गवताने. ते कमरेएवढे झाले आणि सोनकी त्याच्याखाली कुठे गडप झाली ते शोधायला मला गुडघ्यांवर रांगावे लागले.

या सगळ्या अपयशात एकच रोप माझ्या शब्दाला जागले होते. लांब सडसडीत दांडा, त्याच्या टोकाला पांढऱ्या पाकळ्यांचे आणि पिवळ्या मध्याचे इवलेसे फूल, खत नको, कौतुक नको. आपल्या मातीचे चिवट लेकरू म्हणून मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित बाईंनी चहाचा कप खाली न ठेवताच सांगितले, “ही एकदांडी. मूळची मध्य अमेरिकेकडची.” लिनियसने १७५३ मध्ये तिचे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असे बारसे केले होते म्हणे. मी घाईघाईने विषय बदलून कुंपणाजवळच्या केशरी-पिवळ्या फुलांच्या ताटव्याकडे बोट दाखवले. तो कॉसमॉस निघाला, मेक्सिकोचा. तिसऱ्यांदा बोट दाखवायचे धाडस मला झाले नाही, कारण पुढे घाणेरी होती आणि तीही अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून येऊन रानेच्या राने व्यापून बसली आहे, एवढे मलाही ठाऊक होते. मी लावलेले उगवत नव्हते आणि उगवलेले इथले नव्हते, असा त्या दिवसाचा हिशेब झाला.

घरात या साऱ्याकडे सर्वांत संशयाने कोणी पाहत असेल तर त्या माझ्या सासूबाई. त्यांचे अर्धे आयुष्य शेतात गेले आहे. मी एका सकाळी कुर्डूच्या रोपांना झारीने हळुवार पाणी घालत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, हा कुर्डू ना?”

“हो आई. याला गुलाबी-पांढरे तुरे येतात.”

“मला सांगतेस? हा खुरपून खुरपून आमच्या कमरा मोडल्या. आणि तू त्याला झारीने पाणी घालतेस!”

यावर जैवविविधता हा शब्द मी उच्चारून पाहिला, पण खुरप्यापुढे तो टिकला नाही.

खरी आपत्ती माळीकाकांच्या रूपाने आली. ते दर पंधरवड्याला येतात, आणि स्वच्छ, उघडी, रेघा ओढलेली माती हे त्यांचे सौंदर्याचे अंतिम शिखर आहे. त्यांच्या तावडीतून रानफुले वाचवावीत म्हणून मी राखायच्या प्रत्येक रोपाला लाल फितीचा तुकडा बांधला. तेरडा, कुर्डू, खुळखुळा, वाचलेल्या दोन तरवडांची रोपे, सगळ्यांना. निघण्यापूर्वी मी त्यांना “फिती बघून काम करा हं काका” असे बजावलेही. परतले तेव्हा फाटकाशी रोपांची नीट रचलेली जुडी होती आणि प्रत्येक रोपाला माझीच लाल फीत होती. वाफ्यात गाजर गवत मात्र दिमाखात डोलत होते.

“सगळं तण काढलं ताई,” काका समाधानाने म्हणाले. “तुम्ही खुणा केल्या होत्या म्हणून लवकर आटपलं.”

लाल रंग पाहून माणूस थांबतो असे मी धरून चालले होते. काकांच्या मते लाल म्हणजे काढून टाका. त्यांचा तर्क मला आजही खोडून काढता आलेला नाही.

एक रुई मात्र फीत बांधायची राहून गेल्यामुळे वाचली. ती मी फुलपाखरांसाठी लावली होती, आणि फुलपाखरे आलीही. पण फुलपाखरांसाठी झाड लावणे म्हणजे आधी त्यांच्या लेकरांची खानावळ उघडणे आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पांढरे, काळे आणि पिवळे पट्टे असलेल्या, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या मिरवणाऱ्या अळ्यांनी दोन आठवड्यांत झाडाचा खराटा केला. त्यांची खाण्याची शिस्त मात्र पाहण्यासारखी होती. अळी आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते आणि मगच पुढच्या भागावर निवांत ताव मारते. शेजारच्या काकांनी कुंपणावरून पाहिले आणि फवारणीचा पंप आणून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले, तेव्हा त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. हेच काका माझ्या कारवीच्या रोपाबद्दल विचारत असतात. ती साधारण ७ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते, हे मी सांगितल्यापासून ते तिची चौकशी एखाद्या आजारी नातेवाइकाची करावी तशी खालच्या आवाजात करतात.

पुढच्या पावसात मी काहीच पेरले नाही. वाफा मोकळाच राहिला. तेरडा उगवला तो सांडपाण्याच्या नालीकडेला, पायरीच्या फटीत आणि माळीकाकांनी जिथे जुडी रचली होती त्या फाटकाशी. उपटलेल्या झाडांची पिकलेली बोंडे तिथेच फुटली होती. तेरड्याच्या बोंडाला नुसते बोट लागले तरी ते फटकन आक्रसते आणि बी चार हात लांब उडते. शेजारच्या काकांनी फाटकाशी उभे राहून एक बोंड कुतूहलाने चिमटीत धरले, दचकून सोडले, आणि मग इकडेतिकडे पाहून आणखी पाच फोडली. त्यांच्या अंगणातही या पावसात तेरडा आहे. तो कुठून आला, हे ते मला रागाने विचारतात.

कुर्डूही आला आहे, नेमका सासूबाईंच्या खिडकीखाली. परवा पाहिले तर त्यातल्या सर्वांत उंच रोपाला त्यांच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली होती. माझ्या काळजात चर्र झाले. मी विचारले, “आई, ही खूण ठेवायची की काढायची?”

“काढायचीच,” त्या म्हणाल्या. “पण आता नको. तुरे सुकले की उपटीन.”

तुरे सुकेपर्यंत कुर्डूचे बारीक, काळे, चकचकीत बी जमिनीवर सांडायला लागलेले असते, हे त्यांना माझ्यापेक्षा पन्नास वर्षे आधीपासून ठाऊक आहे. मी काही बोलले नाही.