पूल बघायचा असतो, ओलांडायचा नसतो

नोकरीनिमित्त म्हणा किंवा लग्न होऊन म्हणा, तुम्ही कोल्हापुरात नव्यानं आला असाल तर पहिल्या पावसाळ्याआधी थोडी तयारी करून घ्या. नाहीतर पंचगंगा पात्राबाहेर पडलेली असताना, शेकडो माणसांच्या देखत, तुम्ही पुलावर उभं राहून ‘हा रस्ता चालू कधी होणार?’ असलं काहीतरी विचाराल आणि जन्मभर पाहुणे राहाल.

इथं ‘पाणी बघायला’ जातात. सहकुटुंब जातात. छत्री एक, माणसं चार. शिवाजी पुलाच्या कठड्याला पोट टेकवायचं, हातात भाजलेलं कणीस धरायचं आणि पोलीस शिट्टी मारेपर्यंत हलायचं नाही. पाणी किती आलंय हे मनानं सांगू नका, त्याची मापं ठरलेली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. पण हे झालं सरकारी माप, ते तासातासाला मोबाइलवर येतंच. पेठेतलं माप वेगळं. पाणी जामदार क्लबपाशी आलं का? आणि मच्छिंद्री झाली का? या जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी कामात माशाचा आकार आहे, त्याला पाणी टेकलं की मच्छिंद्री. हा शब्द सफाईनं येईपर्यंत घरी सराव करा.

आमच्या गल्लीतले तात्या बंधाऱ्याचे आकडे मानत नाहीत. ते घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर पाण्याच्या कडेला विटेचा तुकडा ठेवतात, चहा घेऊन येतात आणि तुकडा बुडालेला दिसला की नातू बोर्डात आल्यासारखे उजळतात. “चढतंय!” म्हणतात. कुणाचं तरी घर त्या विटेच्या पुढंच असतं, पण ते बोलून दाखवायची पद्धत नाही.

आता अभ्यासक्रमातला नवा धडा. तुमच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आलाच असेल. समुद्र खवळलाय, लाटा रस्त्यावर फुटताहेत आणि एक पूल वळण घेत आभाळात चढतो आणि मध्येच संपतो. खाली लिहिलेलं असतं, ‘जगातला सर्वांत धोकादायक पूल, कमकुवत मनाच्यांनी बघू नये.’ हा पूल नॉर्वेचा. नाव स्टोरसाइसुंदेट. उच्चारायच्या फंदात पडू नका, तोंडात मिसळीचा पाव असताना तर नकोच.

कट्ट्यावर छाप पाडायची असेल तर त्याची माहिती खिशात ठेवा. पूल जेमतेम २६० मीटर लांब आहे. किनाऱ्यालगतच्या दोन चिमुकल्या बेटांना तो जोडतो. खालून बोटी जाव्यात म्हणून पाण्यापासून २३ मीटर उंच उचललाय आणि वर चढता चढता वळवलाय, त्यामुळं एका ठरावीक जागेवरून बघितलं की पलीकडची बाजू दिसत नाही आणि पूल हवेत तुटल्यासारखा वाटतो. दोन पावलं बाजूला सरकलात तर सरळ पलीकडं उतरलेला दिसतो. असे लहानमोठे ८ पूल आणि बेटाबेटांवरून गेलेला ८.३ किलोमीटरचा रस्ता त्यांनी १९८३ ते १९८९ अशा सहा वर्षांत बांधला. कामाच्या काळात १२ मोठी वादळं येऊन गेली.

एवढं सांगून थांबा. कट्ट्यावरचा एखादा जाणकार मान हलवून म्हणेल, “त्यात काय? हवेत तुटल्यासारखा दिसणारा पूल आपल्याकडं पण होता की.”

आणि त्याचं खरं आहे. त्यांच्या पुलाला तुटका दिसण्यासाठी कॅमेरा नेमक्या जागी धरावा लागतो. आपला पर्यायी पूल शिवाजी पुलाच्या शेजारी कित्येक वर्षं अर्धवट उभा होता, कुठूनही बघा, अर्धवटच दिसायचा. त्यांच्या कामाला १२ वादळं आडवी आली, आपल्या कामाला एक कायदा पुरला. जवळच ब्रह्मपुरीची टेकडी, ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली, म्हणून परवानगी अडकली. तोवर सगळी वाहतूक कुठून? तर १८७० च्या दशकात इंग्रजांनी बांधलेल्या जुन्या पुलावरून. तोही पुरातनच, पण त्याच्यावरून ट्रक न्यायला कुणाची हरकत नव्हती.

जानेवारी २०१८ मध्ये त्याच जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत गेली. १३ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. इथं मला गंमत सुचत नाही.

नवा पूल २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला. पूल पाण्याच्या वर कोरडाठाक राहिला, पुढचा रस्ता तेवढा पाण्याखाली गेला. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथंच. पूल म्हणजे दोन काठ जोडणारी वस्तू, हे पुस्तकी झालं. आपल्याकडं पुलाचे काठ जुलैत जागेवर असतीलच असं नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे शाळेत घोकलंय ना? तसा पावसाळ्यात पन्हाळ्याकडं जाणारा रस्ताही गुप्त होतो. श्रद्धा असेल त्याला दिसतो.

तेव्हा ‘आम्हालाही बेटं जोडणारा पूल द्या’ अशी मागणी करू नका. नॉर्वेला बेटं देवानं दिली, आपण ती कष्टानं तयार करतो. पूररेषेत रस्ता न्यायचा, दोन्हीकडं मातीचा भराव टाकून तो उंच करायचा, म्हणजे नदीला पसरायला जागा राहत नाही. सगळं पाणी पुलाच्या गाळ्यांतून निघायला बघतं, तुंबतं आणि मागं शिवारात फुगतं. चिखली, आंबेवाडी ही नदीकाठची गावं बेटं झालीच म्हणून समजा. २०२१ ला बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि अख्खं कोल्हापूरच बेट झालं. भराव काढून कमानींवर रस्ता घ्या, असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि विषय कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर न्या. अलमट्टी बघितलेलं नसलं तरी चालतं. ५१९ हा त्याच्या पाणीपातळीचा मीटरमधला आकडा पाठ पाहिजे.

एक गोष्ट मात्र चुकूनही सांगू नका. नॉर्वेच्या त्या रस्त्यावर टोल होता. १५ वर्षं घ्यायचा ठरला होता, पैसे १० वर्षांतच फिटले, म्हणून १९९९ मध्ये बंद केला. आपण टोल घालवायला एन. डी. पाटील सरांच्या मागं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलो. आपोआप बंद झालेल्या टोलची गोष्ट ऐकून इथल्या जुन्या कार्यकर्त्याला उगाच झोप लागायची नाही.

गेल्या पावसाळ्यात तात्यांबरोबर मी पुलाच्या पलीकडं, जिथं डांबर पाण्यात शिरतं तिथवर गेलो होतो. पांढरा पट्टा पाण्याखाली हातभर दिसत होता, मग नाही. शेजारी एकजण दुधाच्या दोन किटल्या टेकवून उभा होता. म्हशी पलीकडच्या उंचवट्यावर, हा आणि दूध अलीकडं, संकलन बंद. तात्यांना राहवलं नाही. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, चष्मा पुसला आणि त्याला नॉर्वेचा व्हिडिओ दाखवला.

त्यानं शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, “पलीकडचं टोक कुठं दिसतंय?”

“तेच तर भारी हाय की!” तात्या म्हणाले.

“व्हय,” तो म्हणाला आणि समोरच्या पाण्याकडं बघितलं. “तात्या, तुमच्यात एक किटली घेता काय? निम्मा दर द्या, पण घ्या. सकाळचं हाय, नासंल.”

तात्यांनी दोन लिटर घेतलं आणि विटेचा तुकडा शोधायला लागले.