‘पाऊस थांबला की कॅज्युअल्टी शांत’ हे खरं नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: उष्माघात विदर्भातला, 40 अंशांखाली होत नाही, पावसाळ्यातला धोका पाऊस कोसळत असेपर्यंतच, साप चावला तर सूज दिसतेच. सगळे दावे चुकीचे आहेत आणि सापाचा जीवघेणा.

खारघरच्या मैदानावर 16 एप्रिल 2023 रोजी उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा तापमान 38च्या आसपास होतं. दमट हवेत घाम सुटतो पण वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, एवढं दिसलं की 108ला फोन करा. ओलं अंगही फसवतं, घाम असूनही उष्माघात असू शकतो. गाडी येईपर्यंत सावलीत अंगभर पाणी ओता, जोराचा वारा घाला, मान, काखा, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, पाऊस थांबल्यावरच डोकं वर काढतो. पुराचं पाणी ओसरल्यावर, बहुधा 5 ते 14 दिवसांनी पेशंट येतो: ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे. म्हणून तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. जखम नसलेल्या प्रौढाला प्रतिबंधासाठी साधारणपणे डॉक्सिसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. गरोदर स्त्रिया आणि 8 वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत.

आता मण्यार. येऊरच्या पायथ्याशी, पारसिकच्या कडेच्या वस्त्यांत पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना ती रात्री चावते. ना सूज, ना वेदना, कधी दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, सगळ्यांना ती अ‍ॅसिडिटी वाटते. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येईना होतं, शेवटी श्वास अडकतो. रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवून गोठतं का पाहायची तपासणी इथे बहुधा नॉर्मल येते, कारण हे विष मज्जातंतूंवर जातं. त्या रिपोर्टवर पेशंटला घरी पाठवणं घातक ठरतं. प्रतिविष सहसा 10 व्हायल्सपासून सुरू होतं. लकवा पुरता बसल्यावर मात्र ते फारसं उपयोगी पडत नाही, मग व्हेंटिलेटरचाच आधार. दोरी बांधू नका, चीर देऊ नका, पेशंटला चालवू नका. आणि कॅज्युअल्टीच्या दारातच सांगा, ‘रात्री खाली झोपला होता.’